यादवकाळाची पंगत आजच्या नाशकात: साहित्य, भांडी आणि कृती

गडावर मुक्काम, मर्दानी खेळ, अंगरखे-पागोटी, ढाल-तलवारी. नाशिक परिसरात इतिहासप्रेमींचे असे मेळावे आता नियमित भरतात. पोशाखाच्या शिवणीवर आणि पागोट्याच्या बांधणीवर तासन्‌तास चर्चा होते. जेवणाची वेळ झाली की मात्र समोर येतो बटाट्याचा रस्सा, शेंगदाण्याची चटणी आणि टोमॅटोची कोशिंबीर. यातला एकही पदार्थ बाराव्या-तेराव्या शतकातल्या माणसाने पाहिलेला नव्हता. कपड्यांबाबत आपण जितके काटेकोर असतो तितकेच ताटाबाबतही राहता येते, आणि त्यासाठी फार पैसा लागत नाही. थोडी माहिती, तीन दिवसांची पूर्वतयारी आणि काही सवयीच्या जिनसांना नाही म्हणण्याची तयारी असली की झाले. पुढची सगळी मापे वीस माणसांच्या पंगतीची आहेत.

आधी काळ ठरवा, मग पदार्थ

'मध्ययुगीन' म्हटले की पाच-सहाशे वर्षांचा पट्टा डोळ्यांसमोर येतो, आणि एवढ्या पट्ट्याचा एकच स्वयंपाक नसतो. म्हणून सुरुवातीलाच एक शतक आणि एक घर ठरवा. राजवाडा, सुखवस्तू गृहस्थ, वाटेवरचा सैनिक की मठातला साधू? नाशिककरांनी पहिल्या पंगतीसाठी यादवांचा काळ घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. देवगिरीला जाण्याआधी यादवांची राजधानी आपल्या शेजारी, सिन्नरला होती. गोंदेश्वराचे देऊळ त्याच वैभवाची खूण. त्र्यंबकच्या वाटेवरच्या अंजनेरीतही यादवकाळातला शिलालेख आहे. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या शेवटी देवगिरीला गादी नेली आणि १३१७ च्या सुमारास ही सत्ता संपली. आपल्या मातीतला काळ असला की धान्य, इंधन, पाणी, हवा असे सगळे आपोआप जुळते.

दुसरे कारण आधाराचे. सिन्नरचे यादव कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते आणि त्याच चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११२९ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाने काय काय उपभोगावे हे सांगताना त्याने अन्नासाठी, पाण्यासाठी आणि तांबूलासाठी वेगळी प्रकरणे दिली. त्यात मंडक म्हणजे आपले मांडे आहेत. पोळी, पुरी, वडे, पापड, धिरड्याच्या जातीचे पदार्थ आणि श्रीखंडाची पूर्वज असलेली शिखरिणीही आहे. मांसाचे प्रकार तर कितीतरी. एवढा तपशीलवार आणि एवढा जवळचा ग्रंथ हाती असताना दूरच्या दरबारांकडे पाहायची गरज उरत नाही. जोडीला हेमाद्रीच्या 'चतुर्वर्गचिंतामणी'तला व्रतखंड घ्या. तेराव्या शतकातल्या यादवांच्या या मंत्र्याने व्रतांबरोबर नैवेद्यही नोंदवले आहेत. म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'त त्याच काळातले साध्या माणसांचे रोजचे जगणे भेटते.

मानसोल्लासातले ताट राजाचे आहे, हे मात्र विसरू नका. अंजनेरीच्या पायथ्याचा शेतकरी रोज मांडे आणि शिखरिणी खात नव्हता. त्याच्या ताटात भाकरी, कुळथाचे किंवा इतर कडधान्याचे कालवण, रानभाजी आणि ताक होते, असे मानायला पुरेशी कारणे आहेत. पण त्याची कृती लिहून ठेवण्याची गरज कुणालाच वाटली नव्हती. म्हणून प्रत्येक पदार्थाला तीन खुणांपैकी एक द्या: ग्रंथात कृती सापडते तो 'आधार', त्या काळच्या जिनसांवरून आपण बांधलेला तो 'तर्क', आणि आजच्या अडचणीपायी केलेली तडजोड ती 'सोय'. एका पुठ्ठ्यावर पदार्थाचे नाव आणि ही खूण लिहून पंगतीपाशी ठेवा. सगळेच अस्सल असल्याचा दावा करण्यापेक्षा हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो, आणि पाहुण्यांचे प्रश्नही त्यातूनच सुरू होतात.

स्वयंपाकघरातून काय काय बाहेर काढायचे

हा टप्पा सर्वांत मोठा. पोर्तुगीज १४९८ मध्ये कालिकतला पोहोचले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, आणि त्यांच्या जहाजांमागून अमेरिका खंडातली पिके आपल्याकडे आली. यादवकाळाच्या ताटात यातले काहीच चालत नाही. हिरवी-लाल मिरची, ढोबळी मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, काजू, लाल भोपळा, रताळे, राजमा, फरसबी, सूर्यफुलाचे तेल, पेरू, पपई, अननस, चिकू हे सगळे बाद. कोबी-फ्लॉवर युरोपातून नंतर आले, तेही बाद. चहा-कॉफी तर नाहीच.

आता नाशिकची ओळख म्हणून आपण जे मिरवतो ते या चाळणीतून काढा. पिंपळगावचा टोमॅटो गळतो. मिसळ गळते, कारण तिचा जीवच मिरचीत. द्राक्षे राहतात. आजच्या जाती नव्या असल्या तरी द्राक्ष आणि मनुका जुन्याच, म्हणून पंगतीत मनुका घ्याव्यात. लासलगावचा कांदाही राहतो. कांदा-लसूण तेव्हा माहीत होते, पण सोवळ्याच्या ताटात त्यांना जागा नव्हती. सैनिकाच्या हंडीत घाला, देवळाच्या किंवा जैन घराच्या पंगतीत नको.

सर्वांत मोठा धक्का उपवासाच्या ताटाला बसतो. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिकेतला. त्यात पडणारा बटाटा, शेंगदाण्याचा कूट, मिरची हे सगळे तिकडचेच. राजगिऱ्याचे दाणे आणि रताळेही तिकडचेच. आपण सर्वांत सनातन समजतो ते एकादशीचे ताट जवळजवळ पूर्ण नवे आहे. मेळावा एकादशीला आला तर वरईचा भात, सुरण, केळी, दूध-दही, मनुका, सैंधव, मिरे आणि जिरे यांवर भागवा. सुरण चिंचेच्या पाण्यात उकळून मगच तुपात परता, नाहीतर घसा खाजतो.

उरते ते काय थोडे नाही. गहू, तांदूळ, जव, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर, मटकी, चवळी, कुळीथ. भाज्यांत वांगी, कारली, पडवळ, दोडका, दुधी, कोहळा, मुळा, अळू, सुरण, शेवगा, पावटा, केळफूल, कच्चा फणस, तांदुळजा, चाकवत. आंबटपणासाठी चिंच, लिंबू, कैरी, आवळा, आमसूल, डाळिंबाचे दाणे, दही-ताक. तेल तिळाचे, करडईचे किंवा जवसाचे. पेठ-सुरगाणा-त्र्यंबकच्या डोंगराळ भागात अजून खुरासणी पिकते, तिचे घाण्याचे तेल मिळाले तर भाजीला जरूर वापरा. गोडाला गूळ आणि खडीसाखर. आजची पांढरीशुभ्र दाणेदार साखर कारखान्याची आहे. खांडसरी मिळाली तर उत्तम, नाहीतर खडीसाखर कुटून घ्या आणि खूण 'सोय' लिहा.

तिखटासाठी मिरे, सुंठ, आले आणि पिंपळी. मिरचीचा तिखटपणा शिजताना टिकतो, मिऱ्याचा मात्र वास आणि झणका बराचसा उडून जातो. म्हणून मिरे आधी कुटून ठेवू नका. खलबत्त्यात आयत्या वेळी जाडसर कुटा, अर्धे फोडणीत आणि अर्धे उतरवताना घाला. एक किलो भाजीला साधारण सात-आठ ग्रॅम मिरे पुरतात. पिंपळी काष्ठौषधींच्या दुकानात मिळते. तिचा तिखटपणा उशिरा चढतो आणि मागे गोडसर चव सोडतो. आठ-दहा काड्यांच्या पुढे जाऊ नका. शेंगदाण्याच्या कुटाऐवजी भाजलेले तीळ, सुके खोबरे किंवा जवस कुटून घातले की रस छान दाटतो. लाल तर्री मिळणार नाही, ताटाचा रंग पिवळा, तपकिरी, पांढरा आणि हिरवा राहील. हे पाहुण्यांना आधीच सांगा, म्हणजे कुणी मिरची मागणार नाही.

शिवकाळाचा मेळावा असेल तर नियम थोडे बदलतात. सतराव्या शतकात मिरची किनाऱ्यावर पोहोचलेली होती, पण सह्याद्रीच्या मावळ्याच्या रोजच्या भाकरीबरोबर ठेचा दाखवणे मला धाडसाचे वाटते. तिथेही मिरेच धरा. त्या काळासाठी रघुनाथाचे 'भोजनकुतूहल' पाहा. त्याच शतकातला आणि मराठी माणसाने लिहिलेला हा संस्कृत ग्रंथ आहे.

भांडी, चूल आणि जागा

सर्वांत आधी खापर मिळवा. मांडे तव्यावर होत नाहीत, चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर होतात. मुक्ताईला मांडे भाजायला कुंभाराकडून खापर मिळू नये म्हणून विसोबाने अडवणूक केली आणि ज्ञानेश्वरांनी आपली पाठ तापवून दिली, ही कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. ती भावंडे आपल्या त्र्यंबकेश्वराशी जोडलेली. निवृत्तिनाथांची समाधी तिथेच आहे. कथेतले चमत्कार भक्तीचे, पण त्यातली अडचण अगदी व्यवहाराची: खापर नसेल तर मांडे नाहीत.

जुन्या नाशकातल्या कुंभारांना सांगितले तर ते खापर घडवून देतात. खानदेशातून नाशकात स्थिरावलेल्या घरांत तर ते अजून वापरात आहे. घेताना बोटाने वाजवून पाहा, खणखणीत आवाज आला पाहिजे. चकचकीत लेप दिलेले शोभेचे भांडे चालत नाही. नवे खापर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मंद आचेवर तासभर तापवून तसेच निवू द्या. तापलेल्या खापरावर गार पाणी पडले की ते तडकते, म्हणून दोन आणा.

तांब्या-पितळेची पातेली भांडी बाजारात मिळतात, भाड्यानेही मिळतात. चिंच, ताक, दही किंवा आमसूल असलेला पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कधीही शिजवू नका, ठेवूही नका. आंबटाने धातू अन्नात उतरतो आणि पंगतीला उलट्या होतात. कल्हई करून घ्या किंवा अशा पदार्थांना मातीची हंडी वापरा. ॲल्युमिनियम, कुकर आणि नॉनस्टिक मांडणीत नकोत. वाढायला पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण घ्या, पण यंत्रावर दाबलेल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या नको, काड्यांनी टाचलेल्याच. नाहीतर केळीची पाने.

चूल कुठे पेटवायची, हा प्रश्न आधी सोडवा. गोंदेश्वराचे आवार पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, तिथे चूल पेटवता येत नाही. अंजनेरी आणि इतर किल्ल्यांवरचे रान वनखात्याकडे, आणि उन्हाळ्यात तिथे एका ठिणगीने डोंगर पेटतो. पंगत पायथ्याच्या एखाद्या शेतात, मालकाच्या परवानगीने करा. वारा पाहून तीन दगडांची चूल मांडा, भोवतीचे गवत दोन हात साफ करा, पाण्याच्या दोन बादल्या आणि माती जवळ ठेवा. बाभळीचे लाकूड निखाऱ्यासाठी चांगले. मांड्यांना गोवऱ्यांची सम आच बरी पडते. सुती कपडे घाला आणि उपरण्याचे टोक खोचून ठेवा.

दूध-दह्याच्या बाबतीत मात्र हट्ट नको. दही बर्फाच्या पेटीत ठेवा आणि पेटी कनातीमागे झाका. पिण्याचे पाणी उकळलेले घ्या. अस्सलपणासाठी कुणाचे पोट बिघडवणे योग्य नाही. तीळ, गहू आणि दूध न चालणारी माणसेही आधी विचारून घ्या.

मांडे

गव्हासाठी खपली मिळाली तर आधी थोडे करून पाहा. ती जुनी आणि चवदार, पण तिची कणीक कमी ताणते. सुरुवातीला निम्मी खपली आणि निम्मा चांगला लोकवन घ्या. दोन किलो पीठ हाती लागण्यासाठी तीन किलो गहू धरा. मेळाव्याच्या तीन दिवस आधी गहू धुऊन उन्हात वाळवा आणि बारीक दळून आणा. पीठ पातळ सुती कापडातून चाळा. कोंडा जितका निघेल तितका मांडा पातळ होतो. मानसोल्लासही गहू धुणे, वाळवणे, दळणे, चाळणे याच क्रमाने सांगतो.

दोन किलो पिठात शंभर ग्रॅम तूप आणि तीन चहाचे चमचे मीठ चोळा. दूध आणि पाणी निम्मे-निम्मे मिळून सव्वा ते दीड लिटर लागेल. एकदम ओतू नका. काठवटीत कणीक भिजवून ती आपटून आपटून अर्धा तास तिंबा. ती पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल हवी आणि ओढली की न तुटता ताणली पाहिजे. ओल्या कापडाखाली दोन तास मुरू द्या. मग तुपाच्या हाताने वीस गोळे करा.

गोळा तांदळाच्या पिठीवर थापून हातभर करा, मग दोन्ही हातांच्या पालथ्या मुठींवर आणि मनगटांवर घेऊन फिरवत फिरवत वाढवा. खानदेशातल्या बायका हे इतक्या सहज करतात की पाहत राहावे. तुमच्या ओळखीत अशी कुणी मावशी असेल तर तिला आदराने बोलवा आणि एक दिवस आधी तिच्याकडून शिकून घ्या. आठशे-नऊशे वर्षांपूर्वी शब्दांत लिहिलेली कृती आज तिच्या हातांत जिवंत आहे. खानदेशी मांड्यात पुरण भरतात. आपण इथे ग्रंथातला साधा मंडक करतो आहोत.

खापरावर पाण्याचा थेंब पडताच तो नाचला की ते तापले. मांडा अलगद पसरा, मिनिटाच्या आत पापुद्रा सुटतो आणि फिकट ठिपके येतात. एकदा उलटा आणि काळे पडायच्या आत काढा. गरम असतानाच चौघडी घाला, गार झाल्यावर तो मोडतो. पानात वाढताना वर तूप, कोमट दूध आणि कुटलेली खडीसाखर. खूण 'आधार'.

पहिले दोन-तीन मांडे फाटणारच, त्यांचे गोळे जास्तीचे धरा. अगदीच जमले नाही तर पोळी करा. पोळीही मानसोल्लासात आहे.

इडरिका

इडलीची ही पूर्वज, पण तिच्यात तांदूळ नाही. ग्रंथ सांगतो की आंबलेले उडदाचे पीठ वाट्यांत घालावे, कापडाचे अस्तर लावलेल्या दुसऱ्या वाट्या वर झाकून शिजवावे, उतरवून मिऱ्याची पूड भुरभुरावी आणि हिंग-जिऱ्याचे तूप द्यावे. गार, पांढरी आणि गुळगुळीत इडरिका चांगली.

एक किलो सालीशिवायची उडदाची डाळ सकाळी भिजवा, संध्याकाळी पाट्यावर किंवा रगड्यावर अगदी कमी पाण्यात वाटा. मिक्सर वापरला तर खूण 'सोय' करा. मीठ घालून रात्रभर आंबवा. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हे पीठ सहजी फुगत नाही. भांडे घोंगडीत गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवा आणि चौदा-सोळा तास द्या. सोडा घालायचा नाही.

लहान वाट्यांना तूप लावून निम्म्यापर्यंत पीठ भरा. वर कापड लावलेली वाटी पालथी घाला, म्हणजे वाफेचे पाणी कापडात शोषले जाते. रुंद पातेल्यात दोन बोटे पाणी ठेवून झाकण लावा आणि वीस मिनिटे शिजवा. साठेक इडरिका होतात, प्रत्येकाला तीन. वरून मिरे आणि दीडशे ग्रॅम तुपात हिंग-जिऱ्याची फोडणी. नुसत्या उडदाची असल्याने ती इडलीपेक्षा चिवट आणि जड लागते, तशीच असू द्या. खूण 'आधार'.

वांग्याचे शाक आणि मिश्र डाळ

वांगे मूळ भारतीय, म्हणून भाजीत त्याला मान द्यावा. तीन किलो छोटी वांगी उभी चिरून खारट पाण्यात टाका. दोनशे ग्रॅम तीळ आणि दोनशे ग्रॅम सुके खोबरे वेगवेगळे भाजा, त्यांत चाळीस ग्रॅम धणे, दहा ग्रॅम सुंठ आणि चमचाभर जिरे भाजून एकत्र कुटा. पाव लिटर तिळाच्या तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता आणि जाडसर मिरे, मग हळद आणि वांगी. झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवा. अर्धी शिजली की कूट, शंभर ग्रॅम चिंचेचा कोळ, तेवढाच गूळ आणि सैंधव. उतरवताना उरलेले मिरे. मिरे एकूण वीस-बावीस ग्रॅम. ही मांडणी माझी, म्हणून खूण 'तर्क'.

मानसोल्लासात अनेक डाळी एकत्र करून हिंग, हळद आणि सैंधव घालून केलेला विदलपाक येतो. तूर, हरभरा, मसूर आणि मूग प्रत्येकी पाव किलो कोरड्या भाजा. वास सुटला की थांबा. मातीच्या हंडीत हरभरा आणि तूर आधी, तासाभराने मूग आणि मसूर. हळद आणि हिंग सुरुवातीला, मीठ डाळ मऊ झाल्यावर. चुलीवर दोन तास धरा, घाई करून उपयोग नाही. वरून तूप. सोबत दीड किलो हातसडीच्या तांदळाचा मोकळा भात. इंद्रायणी ही अलीकडची जात. जुनी गावरान जात मिळाली तर आनंदच.

मांस ठेवायचे असेल तर

राजाच्या पानात मांस मुबलक होते. हरीण, रानडुक्कर, पक्षी, मासे, इतकेच काय, शेतातले उंदीरही. रानटी जनावरांना आज १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तेव्हा बोकड घ्या. तीन किलो मांसाचे लहान तुकडे आले, डाळिंबाच्या आंबट दाण्यांचा रस, हिंग, सैंधव आणि मिरे लावून तीन तास ठेवा. बांबूच्या भिजवलेल्या काड्यांना टोचून, ज्वाला विझल्यावर निखाऱ्यांवर फिरवत भाजा, मधून तूप सोडत राहा. सळईवर भाजलेले मांस ग्रंथात आहे, मसाल्याचे प्रमाण आपले. शाकाहारी पंगतीपासून चूल, वाढपी आणि पळ्या वेगळ्या ठेवा. आपल्याकडे अनेकांना त्याशिवाय घास उतरत नाही, आणि तो मान राखला पाहिजे.

शिखरिणी, पाणी, ताक

चार लिटर दुधाचे दही आदल्या रात्री फडक्यात टांगा. दीड किलोच्या आसपास चक्का निघतो. त्यात आठशे ग्रॅम ते एक किलो खडीसाखरेची पूड कालवा आणि कापडावर घासून गाळा. वेलची आणि चार काड्या केशर. कापूर घालायचा तर कणभर, आणि तो फक्त खाण्याचा भीमसेनी. आरतीचा कापूर विषारी आहे, तो स्वयंपाकाच्या आसपासही नको. हे काम एकाच जाणत्या माणसाकडे द्या. शंका असेल तर कापूर गाळा.

पाणी सुगंधी करून देण्याची चाल होती. नव्या माठात उकळून निवलेले पाणी भरा, वाळ्याची स्वच्छ धुतलेली जुडी सकाळी टाका, दुपारी काढा. एवढेच पुरते. ताकाला सैंधव, भाजलेले जिरे, आले आणि हिंग.

दिवस कसा बसवायचा

तीन दिवस आधी गहू. दोन दिवस आधी भांड्यांची कल्हई, खापर तापवणे, मसाल्याचे जिन्नस निवडणे. आदल्या सकाळी उडीद भिजवणे, आदल्या दुपारपर्यंत दही, संध्याकाळी वाटण, रात्री दही टांगणे. मेळाव्याच्या दिवशी सातला चुली पेटवा. साडेसातला डाळ, आठला कणीक, नऊला चक्का फेटणे, दहाला वांगी, साडेदहाला इडरिका, अकराला मांडे आणि भात. साडेबाराला पंगत. तीन चुली आणि सहा माणसे हवीत, त्यांतली दोन फक्त मांड्यांवर. वाढण्याचे काम दुसऱ्यांकडे द्या. दिवसभर धुरात बसलेल्यांना पंक्तीत बसवून वाढा.

वाढण्याचा क्रम आयुर्वेदाच्या जुन्या सांगण्यावरून घ्या: आधी गोड, मध्ये आंबट-खारट, शेवटी तिखट, कडू, तुरट. म्हणजे मांडे आणि दूध-तूप पहिले, शिखरिणीही लवकर, मग भात, डाळ आणि इडरिका, मग वांगी आणि भाजलेले मांस. ताक शेवटी. गोड शेवटी खायच्या आजच्या सवयीला हे उलटे वाटेल, म्हणून पहिला घास घ्यायच्या आधी एकाने उभे राहून दोन वाक्यांत सांगावे.

सगळ्यांची पाने झाली की तांबूल. नागवेलीचे पान पुसून शिरा काढा, हरभऱ्याच्या डाळीएवढा ओला चुना पसरा. त्याहून जास्त लावला तर जीभ भाजते. वर कात, वेलचीचे दोन दाणे, जायफळाचा कीस आणि सुपारीचे बारीक काप. तंबाखू अमेरिकेतून आलेली, तिला इथे जागा नाही. पान त्रिकोणी दुमडून लवंगेने टोचा. लहान मुलांच्या विड्यात चुना, कात आणि सुपारी न घालता खोबरे, खडीसाखर आणि बडीशेप घाला.